लोपेस दे एरेदिया वाइनरी, आरो

लोपेस दे एरेदिया : उत्तर स्पेनच्या रियोहा प्रांतात आरो गावी असलेली वाइनरी. स्थापना १८७७. मालकी पहिल्यापासून एकाच घराण्याची असून आज चौथी पिढी कारभार पाहते. तोंदोनिया या मळ्याची वाइन सर्वांत प्रसिद्ध असल्याने वाइनरीही पुष्कळदा त्याच नावाने ओळखली जाते. पाहुण्यांसाठी ती खुली असते. फेरीची नोंदणी आधी करावी लागते.

वाइनरीच्या जन्मामागे एक कीड आहे. फायलोक्सेरा ही वेलीच्या मुळांतला रस शोषणारी, माव्याच्या जवळची सूक्ष्म कीड. १८६० च्या दशकात ती अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिथले मळे वाळू लागले. माल मिळेना म्हणून बोर्दो या फ्रान्समधल्या वाइनच्या प्रदेशाचे व्यापारी पिरेनीज पर्वत ओलांडून रियोहात आले. आरोला तेव्हा नुकतीच रेल्वे आली होती आणि बिल्बाओ बंदराचा रस्ता मोकळा झाला होता. त्यामुळे व्यापाऱ्यांनी वखारी थाटल्या त्या स्टेशनाला लागूनच. हा भाग आजही बार्रियो दे ला एस्तासिओन, म्हणजे आपल्या भाषेत स्टेशन पेठ, म्हणून ओळखला जातो. शंभरी उलटलेल्या इतक्या वाइनऱ्या एवढ्याशा जागेत क्वचितच सापडतील. पैसा एवढा आला की स्पेनमध्ये रस्त्यावर विजेचे दिवे लागलेल्या पहिल्या काही गावांत आरोची गणना होते. संस्थापक राफाएल लोपेस दे एरेदिया ई लांदेता यांनी ओक लाकडाच्या लहान पिंपांत वाइन मुरवण्याची बोर्दोची रीत उचलली. पुढे फ्रेंच व्यापारी परतले. राफाएल यांनी मात्र व्याप वाढवत नेला.

एकोणिसावे शतक सरता सरता ही कीड रियोहातही उतरली. इलाज एकच होता : किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीचा खुंट लावायचा आणि त्यावर देशी जातीचे कलम बांधायचे. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना खुंट आणि कलम नवे नाहीत. आपल्याकडे डॉगरिजचा खुंट वापरतात तो मुख्यतः खारवट पाणी आणि अवर्षण सोसण्यासाठी. युरोपात त्याच युक्तीने अख्खा धंदा वाचवला. तोंदोनियाचा मळा या संकटानंतरचा, १९१३-१४ मध्ये लावलेला. एब्रो नदीच्या वळणात, उजव्या तीरावर तो शंभर हेक्टरांहून अधिक पसरला आहे. इथे मांडव नाही, तारा नाहीत. वेली झुडपासारख्या बुटक्या ठेवतात आणि छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते. लाल वाइनसाठी मुख्य जात तेंप्रानियो. सोबत गार्नाचा, ग्रासियानो आणि मासुएलो. पांढरीसाठी विउरा आणि थोडी माल्वासिया. कुबियास, बोस्कोनिया आणि साकोनिया हे घराण्याचे इतर मळे.

इथली खरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाची रीत. तोडणी हाताने होते. रस ओकच्या मोठ्या जुन्या हौदांत आंबवतात, तोही सालीवरच्या नैसर्गिक किण्वावर. मग वाइन २२५ लिटरच्या पिंपांत जाते. अशी सुमारे १३,००० पिंपे तळघरांत आहेत आणि ती वाइनरीच्याच सुतारशाळेत, अमेरिकेहून आणलेल्या ओकपासून बांधली व दुरुस्त केली जातात. नवे लाकूड वाइनला व्हॅनिलासारखा उग्र वास देते म्हणून इथे जुन्या पिंपांना मान आहे. त्यांच्याकडून हवी असते ती लाकडातून हळूहळू झिरपणारी हवा. ठरावीक काळाने वाइन एका पिंपातून दुसऱ्यात ओतून साका मागे ठेवतात आणि शेवटी अंड्याच्या पांढऱ्या बलकाने ती निवळतात. बलकाबरोबर तुरट, कडवट अंश तळाशी बसतो.

ग्रान रेसेर्वा हा मुरवण्याच्या काळानुसार रियोहातला सर्वोच्च दर्जा. त्यासाठी नियमाने किमान दोन वर्षे पिंपात पुरतात. तोंदोनियाची साधी, म्हणजे एक पायरी खालची, रेसेर्वाच पिंपात सहा वर्षे असते. ग्रान रेसेर्वा फक्त उत्तम हंगामांची निघते आणि पिंप व बाटली मिळून वीसेक वर्षांनी बाजारात येते. एवढा काळ भांडवल अडकवून ठेवणे भागधारकांच्या कंपनीला अवघड जाते. घराण्याच्या मालकीचा अर्थ इथे कळतो : आजोबांच्या हंगामाची बाटली नातू विकतो आणि स्वतः भरलेली पुढच्यांसाठी ठेवतो. मधल्या काळात ताज्या फळाच्या स्वादाची आणि नव्या ओकची चलती होती, तेव्हा ही वाइन जुनाट ठरवली गेली. तरी रीत बदलली नाही. आज याच बाटल्यांसाठी जगभरचे रसिक थांबून राहतात.

तळघरे दगडात खोदलेली असून हवा बाराही महिने थंड आणि दमट असते. भिंतींवर बुरशीचा जाड थर आहे. जुन्या बाटल्यांच्या ‘एल सेमेंतेरियो’, म्हणजे दफनभूमी, या कक्षात कोळ्यांची जाळी छतापासून पडद्यांसारखी लोंबतात. ती मुद्दाम झाडत नाहीत. बुचे पोखरणाऱ्या पतंगांना कोळी खातात, औषध मारावे लागत नाही. प्रथम येणारा इथे दचकतो, पण कारण कळल्यावर ही जाळीच लक्षात राहतात.

आवारात ‘चोरी-तोकी’ नावाचा मनोरा आहे. बास्क भाषेत अर्थ, पाखरांचे ठिकाण. त्याच्या पायथ्याशी स्थापत्यकार झहा हदीद यांनी रचलेले, २००६ मध्ये पूर्ण झालेले दालन दिसते. १९१० च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी राफाएल यांनी कोरीव लाकडी विक्रीकक्ष करवून घेतला होता. तो सुटा होऊन वाइनरीतच धूळ खात पडला होता. सव्वाशेव्या वर्षाच्या निमित्ताने तो सापडला, जोडला गेला आणि त्याच्याभोवती हदीद यांनी सुरईच्या छेदासारखा आकार उभा केला. आज पाहुणे वाइन चाखतात आणि विकत घेतात ते इथेच, शतकापूर्वीच्या त्याच लाकडी कक्षासमोर.

तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये चालते. गाव तेव्हा गजबजलेले असते. २९ जूनला, संत पेद्रोच्या दिवशी, आरोजवळच्या बिलिबियोच्या कड्यांवर लोक पांढरे कपडे घालून एकमेकांना लाल वाइनने भिजवतात. आपल्या रंगपंचमीची आठवण येईल असा हा दिवस, फक्त रंग एकच.