पिशवी काढण्याआधी: ओटीपोटाच्या तळाच्या फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

'अंग बाहेर येतंय', म्हणजे गर्भाशय खाली उतरतंय, ही गोष्ट कोकणातल्या बायका विहिरीवर किंवा लावणीच्या बांधावर हळू आवाजात एकमेकींना सांगतात. दवाखान्यात सांगायची वेळ आली की तीच गोष्ट 'कंबर दुखते' होते. शिंकेसरशी लघवी गळणं तर दुखण्यात धरलंच जात नाही, ते वयाच्या खात्यावर जमा होतं.

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे पेलून धरणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. त्यानंतर कवळाचे भारे, मासळीची पाटी, पाण्याच्या कळशा. दरवेळी पोटातला दाब त्याच झोळीवर येतो. बाळंतिणीला शेक मिळतो, तेल मिळतं, पोटाला पट्टाही बांधतात. पट्ट्याने पोट आवळतं, पण खालच्या स्नायूंची ताकद काही परत येत नाही.

हे स्नायू आवळण्याची कल्पना आपल्याकडे हठयोगातल्या मूलबंधात होतीच, पण ती साधकासाठी. बाळंतिणीला तो कोण शिकवणार? वैद्यकात ब्रिटनच्या मार्गारेट मॉरिस यांनी 1936 साली या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं. मग 1948 मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांचा निबंध आला आणि व्यायामाला त्यांचंच नाव चिकटलं. केगल यांनी नुसतं 'आवळा' असं सांगितलं नाही. आवळण्याचा जोर काट्यावर दाखवणारं पेरिनिओमीटर त्यांनी बनवलं, कारण न दिसणारा स्नायू नेमका कुठला हे बाईला कळायला हवं. जगाने व्यायाम उचलला आणि काटा विसरला. आजही अनेकजणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणजे नेमकं उलट करतात.

त्याच काळात मुंबईत शस्त्रक्रियेची मोठी परंपरा घडत होती. गोव्यातल्या शिरोड्यात (वेंगुर्ल्याजवळचं मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं वेगळं) 1899 साली जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर गर्भाशयाच्या तोंडाच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात. खाली उतरलेलं गर्भाशय न काढता पट्टीने वर टांगायची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावावर आहे. मुंबईतल्याच डॉ. पुरंदरे यांची शस्त्रक्रिया त्याच जातीची. तरुण बाईची पिशवी वाचवण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. गावागावात मात्र पोचलं ते 'पिशवी काढून टाका, सुटाल' एवढंच. पिशवी गेली तरी झोळी कमजोर ती कमजोरच, त्यामुळे लघवी गळणं पुष्कळदा तसंच राहतं.

फिजिओथेरपीचं शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950च्या दशकात सुरू झालं. तेव्हा समोर पोलिओची मुलं होती. पुढे लकवा, हाडं, गुडघे आले. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी म्हणजे अजून 'शेक घ्यायची जागा', तिथे ओटीपोटाचा विषय काढणार कोण?

खरं तर उपचार साधे आहेत. तपासणीत स्नायूची ताकद 0 ते 5 अशी मोजतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना देखरेखीखाली किमान 3 महिने व्यायाम सांगतात: एका वेळी निदान 8 आकुंचनं, दिवसातून 3 वेळा. खोकला, शिंक किंवा भारा उचलण्याच्या क्षणाआधी आवळायला शिकवतात. स्नायू सापडतच नसेल तर पडद्यावर आकुंचन दाखवणारं बायोफीडबॅक किंवा सौम्य विद्युत उत्तेजना वापरता येते. अंग खाली उतरलं असेल तर डॉक्टर योनिमार्गात आधाराला रिंग बसवतात. काहींचे स्नायू ढिले नसून आखडलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखतं, शौचाला कुंथावं लागतं. अशांना आवळण्याने त्रास वाढू शकतो, त्यांना आधी सैल सोडायला शिकवतात.

मूत्राशयाला वळण लावणं हाही उपचाराचाच भाग. लावणीच्या दिवसांत आडोसा नसतो म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने लघवी गडद होते, मूत्राशय चुरचुरतं आणि घाई उलट वाढते. म्हणून तिथे सुरुवात व्यायामाने नव्हे, 'पाणी किती पिता?' या प्रश्नाने करावी लागते.