पार्श्वभूमी : ‘संगणक’ न म्हणता बँकेत आलेला संगणक

सरकारी बँकेच्या शाखेत आज नवी प्रणाली येते ती परिपत्रकाने. १९८३ साली मात्र त्यासाठी कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापनाला करार करावा लागला. यंत्रं कोणत्या शाखांत बसवायची, किती बसवायची, ती चालवणाऱ्याला भत्ता काय, हे सगळं वाटाघाटीत ठरलं.

त्या यंत्राचं नाव होतं ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’, म्हणजे लेजरमध्ये (ग्राहकांच्या खातेवहीत) नोंदी करणारं यंत्र. प्रत्यक्षात तो साधा पीसीच. पण ‘कॉम्प्युटर’ म्हटलं की नोकऱ्या जाणार, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. कोलकात्यात १९६०च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणक आत येऊ नये म्हणून इमारतीबाहेर दिवसरात्र पहारा दिला होता. त्यामुळे बँकांत ‘मशीन’ हाच शब्द रूढ झाला. याला कोणी शब्दच्छल म्हणेल, मला ती समजूतदार तडजोड वाटते. त्या शब्दाआड दोन्ही बाजूंना बोलायला दहा वर्षं मिळाली.

कारण प्रश्न पगारापुरता नव्हता. बॅलन्सिंगला, म्हणजे हिशेब जुळवताना, लेजरमधल्या एकेका खात्याची शिल्लक उतरवून बेरीज जनरल लेजरशी (शाखेच्या एकत्रित खातेवहीशी) जुळवायची; चार पैशांचा फरक पडला तरी पुन्हा पहिल्या पानापासून. बचत खात्याचं व्याज सहामाहीला काढायचं. त्यासाठी दर महिन्याची १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक शोधायची आणि त्यावरून प्रॉडक्ट (व्याजासाठी शिल्लक आणि मुदत यांचे गुणाकार) मांडायचे. ज्याचं लेजर पहिल्या फटक्यात टॅली होई, त्याचा शाखेत दबदबा असे. यंत्राने नेमकं हेच कसब निरुपयोगी केलं. या माणसांना आधी विश्वासात घेतलं, हे फार बरं झालं.

१९९३च्या करारानंतर संगणकीकरणाची वाट मोकळी झाली. पुढचा वेग वेगळाच होता. व्यवसायाचा ७० टक्के भाग संगणकावर आणा, असा वरून आदेश आला. २०००-०१ मध्ये सुमारे १ लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि त्यापाठोपाठ कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती प्रणालीवर ठेवणारी व्यवस्था, आलं. लेजर शाखेतून उठून सर्व्हरवर गेलं. या टप्प्यात तारखा ठरल्या होत्या, बोलणं कमी झालं.

१ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज मिळू लागलं. ते हाताने काढणं कोणत्याच शाखेला जमलं नसतं.