चेन ताणली की उतरत नाही? उलट नुकसानच

ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रायल्स बाइक (दगड-खडकांवरून पाय न टेकता चालवायची हलकी मोटरसायकल) उघडून बसणाऱ्यांत एक समज पक्का आहे: चेन कडक टाइट केली की उतरत नाही. पण स्विंगआर्मचा (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, म्हणजे तो जिथे फिरतो तो बिंदू, आणि पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) एका अक्षावर नसतात. त्यामुळे सस्पेन्शन दबताना चेन ताणली जाते. मागचा अ‍ॅक्सल, पिव्हट आणि ते स्प्रॉकेट एका रेषेत आले की सर्वात जास्त. स्टँडवरच ढील संपवली, तर दगडावरून उतरताना त्या ताणाचा भार गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या (ज्यावर ते पुढचं स्प्रॉकेट बसतं) बेअरिंगवर येतो. ते बदलायचं म्हणजे बहुधा अख्खं इंजिन उघडणं आलं, तेही पावसाळ्यात! मागचा शॉक सोडवा, तिन्ही एका रेषेत आणा, चाक फिरवून चेनची सर्वात घट्ट जागा शोधा आणि तिथेही थोडी ढील ठेवा. बाकीची ढील सांभाळायला चेन दाबून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर असतोच.