ठिणगीवर पेटणारं डिझेल

रॉकेलच्या दिव्याला वात का लागते? गार रॉकेल सहजी पेट घेत नाही म्हणून. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेटण्याजोगी वाफ सोडतं. रॉकेल त्यासाठी ३८ अंशांच्या वर तापावं लागतं, डिझेल त्याहूनही जास्त. स्वस्त इंधनावर मोटार पळवू पाहणारे सगळे इथेच अडायचे.

डिझेल इंजिनाने हा प्रश्न ताकदीवर सोडवला. हवा पंधरा-सोळा पट दाबायची. ती इतकी तापते की फवारलेलं इंधन आपसूक पेटतं. पण एवढा दाब सोसायला लोखंडही तसंच जाड हवं. जहाजात ते खपून जातं. १९२०च्या दशकातल्या ट्रकला मात्र ते ओझंच होतं.

स्वीडनचे योनास हेसेलमन असल्या जड इंजिनांतच मुरलेले. १९२५ मध्ये त्यांनी मधली वाट काढली. हवा दाबायची, पण बेतानं; दाबून होत आली की इंधनाचा फवारा थेट सिलिंडरमध्ये मारायचा आणि पेटवायला चक्क स्पार्क प्लग! हवा आत घेणाऱ्या झडपेला असा आडोसा दिलेला, की हवा भोवऱ्यासारखी फिरत शिरावी आणि फवाऱ्यात नीट मिसळावी. सगळी मेख इथेच. फवारा प्लगवरच आदळला तर प्लग ओला, फार लांब राहिला तर ठिणगी वाया.

इंजिन सुरू व्हायचं पेट्रोलवर आणि तापलं की डिझेल किंवा रॉकेलवर जायचं. शेतात रॉकेलचा पंप चालवलेल्यांना यात नवल वाटणार नाही: पेट्रोलवर दोरी ओढायची, जरा तापू द्यायचं, मग कॉक फिरवायचा. व्होल्वो आणि स्कानिया-वाबिस यांनी १९३०च्या दशकात ही इंजिनं आपल्या गाड्यांत बसवली.

दुखणं निघालं ते निराळंच. इंजिन पुरेसं तापायचंच नाही. इंधन अर्धवट जळायचं, मागून धूर निघायचा आणि प्लगवर काजळी धरायची. काजळीतून वीज वाहते; त्यामुळे फटीत ठिणगी उडण्याऐवजी वीज काजळीवरून परस्पर निसटते आणि तो सिलिंडर मुका होतो. डिझेल इंजिनाला प्लगच नाही, म्हणून ही कटकट नाही. पेट्रोलची वाफ सहज होते, म्हणून तिथे ती कमी. हेसेलमनच्या इंजिनाने दोन्हीकडचं घेतलं आणि ही कटकट पदरात पाडून घेतली. पुढे हलकी, सुधारलेली डिझेल इंजिनं आली आणि ते मागे पडलं.

आजच्या कित्येक नव्या मोटारींत इंधनाचा फवारा थेट सिलिंडरमध्ये उडतो आणि शेजारी स्पार्क प्लग असतो. मांडणी तीच, टाकीत फक्त पेट्रोल.