प्रणाली सुरू होणं वेगळं, रुळणं वेगळं

नवी माहिती प्रणाली ‘गो-लाइव्ह’ झाली, म्हणजे प्रत्यक्ष वापरासाठी सुरू झाली, की प्रकल्प पूर्ण झाल्याचा मेल सगळ्यांना जातो. त्या दिवशी संपतं ते एकच काम: सर्व्हर चालू झाला, जुना डेटा आत आला, लॉगिन वाटून झाले. माणसांनी रोजचं काम त्या प्रणालीतूनच करू लागणं हे दुसरं काम, आणि ते तिथून पुढे सुरू होतं. या दोन्हींना एकच समजल्यामुळे नेमकी गरज असतानाच तज्ज्ञांची टीम निघून जाते आणि बजेटही संपलेलं असतं.

पहिलं काम पार पडून दुसरं फसल्याचं ठळक उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिसचं सीडर्स-सायनाय रुग्णालय. औषधं आणि तपासण्यांच्या सूचना डॉक्टरांनी थेट संगणकावर द्यायच्या, अशी प्रणाली तिथे २००२ मध्ये सुरू झाली. पण कागदावर झटकन लिहून होणाऱ्या सूचनेला आता बराच जास्त वेळ लागत होता. शेकडो डॉक्टरांनी विरोध केला आणि जानेवारी २००३ मध्ये प्रणाली थांबवावी लागली.

सुरू झाली की नाही हे तपासणं सोपं असतं. रुळली की नाही हे मात्र लॉगिनच्या आकड्यांवरून कळत नाही, कारण वापर सक्तीचा असेल तर लॉगिन सगळेच करतात. त्यापेक्षा नोंदींच्या वेळा पाहाव्यात. उदाहरणार्थ, गोदामात माल दिवसभर येत असेल आणि आवक मात्र रोज संध्याकाळी पाच ते सहा या तासातच नोंदलेली दिसत असेल, तर खरं काम वहीत चाललंय आणि प्रणालीत फक्त तिची नक्कल उतरतेय. सक्तीच्या रकान्यात नुसतं टिंब किंवा ‘लागू नाही’ भरलेलं दिसलं, तरी तेच समजावं.

यावर बहुतेक संस्था आणखी एक प्रशिक्षण ठेवतात. ते का पुरत नाही हे समजायला संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं तंत्रज्ञान-स्वीकाराचं मॉडेल फार उपयोगी पडतं. वापरणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न असतात: याने माझं काम सुधारेल का, आणि हे वापरायला सोपं जाईल का? प्रत्यक्ष वापराशी जास्त घट्ट संबंध डेव्हिस यांना पहिल्या प्रश्नाचा आढळला. प्रशिक्षणाने दुसरा सुटतो, पहिला नाही. ज्या कारकुनाला तीच नोंद दोनदा करावी लागते आणि तिचा अहवाल फक्त साहेब बघतात, त्याला कितीही शिकवलं तरी त्याचं काम हलकं होत नाही. ही त्याची आडमुठी वृत्ती नव्हे. त्याचा हिशोब बरोबर आहे, आणि तो तसाच मानून प्रणालीत बदल करायला हवा.

जुनी वही कधीतरी बंद करावीच लागते, नाहीतर दोन्ही अर्धवट राहतात. पण त्याआधी कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून त्याची खासगी एक्सेल फाइल उघडून पाहावी. तिच्यात प्रणालीत नसलेला एखादा रकाना हमखास सापडतो: ‘गाडी उशिरा येणार, फोन केला’, ‘अर्धा माल उद्या’. गरजा लिहून घेताना सुटलेली गोष्ट बहुधा हीच असते. तो रकाना आधी प्रणालीत आणावा, मग वही बंद करण्याची तारीख जाहीर करावी.