चंबळ एकच, पण घडियालाची वेगळी आणि मगरीची वेगळी

अधिवास आणि निश (इंग्रजीत niche, म्हणजे सजीवाची जगण्याची रीत) या जोडीत मुलं हमखास गुण घालवतात. दोन्हींच्या व्याख्या पाठ असतात. अधिवास म्हणजे सजीव जिथे राहतो ती जागा, इथपर्यंत गाडी नीट चालते. निशचं उदाहरण मागितलं की मात्र पुन्हा जागाच सांगितली जाते. 'बेडकाचा अधिवास तळं आणि निश तळ्याचा काठ', असं उत्तर मी किती वह्यांमध्ये वाचलंय. काठ हीसुद्धा जागाच झाली की! निश म्हणजे अधिवासाचाच एक लहान तुकडा, हा समज एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं प्रकरण चुकत जातं.

आम्हा ग्वाल्हेरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मुरैना ओलांडून धौलपूरच्या रस्त्याला लागलं की चंबळ आडवी येते. थंडीच्या दिवसांत सकाळी उशिरा, ऊन चांगलं तापल्यावर तिथे नावेत बसावं. काठावर दोन जनावरं पडलेली दिसतात आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून आलेली बहुतेक मंडळी दोन्हींना 'मगर, मगर' म्हणून मोकळी होतात. त्यातली एक खरोखर मगर असते. दुसरा असतो घडियाल, मराठी पुस्तकांतली सुसर.

घडियालाचं थोबाड लांब आणि अरुंद असतं, त्यात शंभराहून अधिक बारीक, अणकुचीदार दात. मोठ्या नराच्या नाकपुड्यांवर घड्यासारखा गोळा येतो, तो दिसला की ओळखायला अडचणच उरत नाही. हे थोबाड मासे पकडण्यासाठीच घडलेलं आहे. अरुंद असल्यामुळे ते पाण्यात आडवं फिरवताना पाण्याचा अडथळा फारसा होत नाही. मासा दातांत अडकतो, मग मान झटकून त्याला सरळ केलं जातं आणि तो सबंध गिळला जातो. मोठा घडियाल जवळजवळ माशांवरच जगतो. त्याला खोल, वाहतं पाणी लागतं. जमिनीवर त्याचे हाल असतात, कारण वाढलेल्या घडियालाला पोट उचलून धड चालताही येत नाही. तो वाळूवरून सरपटत पाण्यात घुसतो, त्यामुळे पाण्यालगतची सपाट, मऊ वाळू त्याच्या सोयीची. अंडीही वाळूतच घालायची. मार्च-एप्रिलमध्ये मादी उंच वाळूत खड्डा करते आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर, पूर येण्याआधी बाहेर पडतात. मग ती घोळक्याने काठालगतच्या उथळ पाण्यात राहतात आणि एखादा मोठा नर राखणीला असतो.

आता मगर बघा. थोबाड रुंद, जबडा दणकट. मासा चालतो, कासव चालतं, पाणपक्षी चालतो, पाणी प्यायला आलेलं वासरू चालतं आणि मेलेलं जनावरही चालतं. वाहतं पाणी नसलं तरी तिचं अडत नाही. तळं, कालवा, दलदल, शहरातला नाला, कुठेही ती बस्तान मांडते. वडोदऱ्यात विश्वामित्रीत ती भर वस्तीत राहते आणि पूर आला की रस्त्यावर दिसते, ते याच स्वभावामुळे. काठाच्या मातीत ती बिळं खणते, उन्हाळ्यात पाणी आटलं तर जमिनीवरून चालत दुसरं पाणी गाठते. चंबळच्या काठावरही वाळू सोडून खडक किंवा मातीचा चढ मिळाला तरी तिची तक्रार नसते.

दोघांचा अधिवास एकच, चंबळ नदी. दोघांची निश वेगळी.

म्हणजे निश ही जागा नव्हे. सजीव काय खातो, कधी खातो, किती खोल पाण्यात वावरतो, किती तापमान सोसतो, अंडी कुठे आणि कोणत्या महिन्यात घालतो, त्याला कोण खातं आणि त्याच्या असण्याने इतरांचं काय होतं, हा सगळा हिशेब म्हणजे निश. आमच्याकडे लश्करातल्या जुन्या वाड्यांत एका दारात चार-सहा बिऱ्हाडं असायची. पत्ता सगळ्यांचा एकच. पण रात्रपाळीचा गडी सकाळी झोपायला यायचा, दूधवाला पहाटे चारला नळावर असायचा आणि पेन्शनर काका दुपारी अंगणात पथारी टाकायचे. नळ एक, अंगण एक, तरी भांडणं मोजकीच, कारण वेळा आणि गरजा वेगळ्या. पत्त्याला अधिवास म्हणा आणि या सगळ्या दिनक्रमाला निश.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण प्रश्नपत्रिकेत नावं विचारतात. 1917 मध्ये जोसेफ ग्रिनेल यांनी कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्यावर लिहिताना हा शब्द वापरला. त्यांचा भर परिस्थितीवर होता, म्हणजे पक्ष्याला कशी झुडपं आणि कसं हवामान लागतं यावर. 1927 मध्ये चार्ल्स एल्टन यांनी भर दिला कामावर, म्हणजे अन्नसाखळीत कोण कोणाला खातं त्यावर. 1957 मध्ये हचिन्सन यांनी दोन्ही बाजू एकत्र आणल्या. प्रत्येक गरज हा एक अक्ष धरायचा: तापमानाचा एक, खोलीचा एक, अन्नाच्या आकाराचा एक. या सगळ्या अक्षांवर सजीवाला जेवढं झेपतं, तेवढी त्याची निश. ही व्याख्या समजली की काठ-बीठ आपोआप गळून पडतं.

दोघांची निश अगदी सारखी असेल तर काय होतं, हे रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांनी 1934 मध्ये दाखवलं. पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन जाती त्यांनी एकाच भांड्यात, एकाच अन्नावर वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तेव्हा दोन्ही छान वाढत होत्या. एकत्र ठेवल्यावर एक टिकली आणि दुसरी संपली. मग त्यांनी हरलेल्या जातीसोबत तिसरीच एक जात ठेवली, तेव्हा दोन्ही टिकल्या. एक वरच्या थरात खात होती, दुसरी तळाशी. भांडं तेच होतं, म्हणजे अधिवास बदललेला नव्हता. माझ्या मते हा एकच प्रयोग नीट समजला तर दोन संकल्पनांमधला गोंधळ आयुष्यभर होणार नाही, पण वर्गात तो दोन ओळींत उरकतात.

याला जोडूनच मूलभूत निश आणि प्रत्यक्ष निश असा फरक येतो. कोणी स्पर्धक नसेल तर सजीव जेवढं वापरू शकतो ती मूलभूत निश. शेजारी आल्यावर प्रत्यक्षात पदरात पडते ती दुसरी. जोसेफ कॉनेल यांनी 1961 मध्ये स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या बार्नॅकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांवर हे दाखवलं. वरच्या पट्ट्यात दिसणारी जात खालच्या पट्ट्यातही जगू शकत होती, फक्त तिथली दांडगी जात तिला जागा देत नव्हती.

झाडावरचं उदाहरण हवं असेल तर वडाखाली जाऊन उभं राहावं. वडाची फळं तांबटही खातो आणि राखी धनेशही. तांबट वाळक्या फांदीत चोचीने स्वतः ढोली कोरतो. धनेशाला कोरता येत नाही. तो तयार ढोली शोधतो आणि मादी आत बसली की फट सोडून तोंड बुजवलं जातं. रात्री त्याच फळांवर वटवाघळं येतात. झाड तेच, पाळ्या वेगळ्या.

ग्वाल्हेरपासून फार लांब नाही अशा कुनो राष्ट्रीय उद्यानाचं प्रकरण मला या विषयात सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून 8 चित्ते आले, फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 12. त्या वेळी घराघरांत चर्चा जागेचीच होती: जंगल पुरेसं आहे का, गवत आहे का. हे अधिवासाचे प्रश्न. निशचे प्रश्न वेगळे होते. दिवसा मोकळ्यात धावून मारता येईल असं भक्ष्य किती? तिथल्या बिबट्यांशी कसं जमेल? आणि ज्याचा विचार बाहेर कोणीच करत नव्हतं असा एक: या प्राण्यांचं वर्षाचं वेळापत्रक कुठलं? दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर थंडी असते. चित्त्यांचं शरीर त्याच हिशेबाने चालत राहिलं आणि इथल्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात त्यांच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस आले. दमट हवेत त्या केसांखाली जखमा झाल्या, त्यात अळ्या पडल्या, संसर्ग रक्तात गेला आणि 3 चित्ते दगावले. गवत होतं, जंगल होतं, पाणी होतं. घोळ ऋतूंच्या अक्षावर झाला.

आता पुन्हा चंबळकडे, कारण तिथे हा फरक वहीपुरता राहत नाही. 1970च्या दशकाच्या मध्यात देशात घडियाल जेमतेम दोनशेच्या आसपास उरले होते. 1975 मध्ये मगर-संवर्धन प्रकल्प सुरू झाला, 1978 मध्ये चंबळ अभयारण्याची घोषणा झाली आणि आज जगातल्या मुक्त घडियालांपैकी बहुतेक इथेच आहेत. नकाशावर अधिवास सुरक्षित दिसतो. पण ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून रेत जाते तेव्हा नदी तशीच वाहत राहते आणि घडियालाची अंडी घालायची जागा जाते. वरच्या बाजूला गांधीसागरपासून कोट्याच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी अडलेलं. उन्हाळ्यात प्रवाह आणखी उतरला की खोल डोह कमी होतात आणि वाळूचं बेट काठाला जोडलं जातं. मग अंड्यांपर्यंत कोल्ही-कुत्री चालत पोचतात. त्याच वाळूवर लाल डोक्याचं चंबळचं कासव आणि पाणचिरा हा पक्षीही अंडी घालतात. पाणचिरा लांब खालची चोच पाण्यात बुडवून उडता-उडता मासे धरतो, कासव वनस्पती खातं. दोघांची निश घडियालाहून साफ वेगळी, फक्त वाळूच्या गरजेत तिघं एकत्र येतात. मगरीला या सगळ्याचा त्रास कमी, ती मातीच्या काठावर भागवून घेते. आणि हो, ग्वाल्हेरलाही चंबळचं पाणी आणायचं ठरलेलं आहे, तेव्हा उन्हाळ्यातल्या प्रवाहाचा हिशेब हा आपल्याही नळाचा हिशेब आहे.

2007-08च्या हिवाळ्यात खालच्या चंबळमध्ये शंभराहून अधिक घडियाल मेले. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर यूरिक आम्ल साचलेलं आढळलं. विषारी द्रव्य माशांतून पोटात गेलं असावं, असा संशय घेतला गेला. त्याच पाण्यातल्या मगरींमध्ये मात्र मृत्यूची अशी लाट आली नाही. जागेवरून विचार केला तर हे कोडंच वाटतं. घडियाल जवळजवळ माशांवरच जगतो हे लक्षात घेतलं, तर निदान शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

शहरात बघायचं तर ग्वाल्हेरची स्वर्णरेखा नदी आहेच. तिच्या पात्राला काँक्रीट घातलं. नदीची रेषा नकाशावर तीच आहे, पण चिखलात अंडी घालणारा, काठाच्या मातीत बीळ करणारा किंवा गवताच्या मुळाशी लपणारा जीव तिथे काय करणार?

गेल्या महिन्यात भाचीने विचारलं, "मामा, मग घडियाल आपल्या ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या तलावात सोडला तर चालेल का? गोडं पाणी आहे, मासे आहेत."

मी तिला म्हटलं, उत्तर दोन ओळींत लिही. पहिल्या ओळीत अधिवास: गोडं पाणी, मासे, म्हणजे घडियाल काही काळ जगेल. दुसऱ्या ओळीत निश: वाहता प्रवाह कुठे आहे, उंच वाळू कुठे आहे, पिल्लांना उथळ काठ कुठे आहे, म्हणजे वाढेल का? तिने लगेच तिढा टाकला की कॉर्बेटमध्ये कालागढ धरणाच्या जलाशयात घडियाल आहेत, ते कसे? आहेत, कारण जलाशयाच्या वर रामगंगा अजून वाहते आणि तिच्या काठावर त्यांना अंडी घालायला जागा मिळते. "आणि मगर सोडली तर?" मगरीला सोडायची गरजच नाही, वाट मिळाली तर ती स्वतः चालत जाईल.