ययाती : स्वार्थी नायक आणि त्याची विरक्ती

ययाती : पुराणांतील सोमवंशी राजा, नहुषाचा पुत्र, देवयानी व शर्मिष्ठा यांचा पती आणि यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू व पूरू यांचा पिता. शुक्राचार्यांच्या शापाने आलेले वार्धक्य धाकट्या मुलाच्या, म्हणजे पूरूच्या, अंगावर घालून त्याचे तारुण्य स्वतः भोगणारा आणि शेवटी विरक्त होऊन वनात जाणारा राजा म्हणून तो ओळखला जातो. शुक्राचार्यांचा शिष्य कच, त्यांची मुलगी देवयानी व तिची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा यांची कथा सर्वपरिचित असल्यामुळे येथे ती पुन्हा सांगितलेली नाही. अशा स्वार्थी नायकाकडे व त्याच्या पश्चात्तापाकडे श्रोते आणि वाचक कसे पाहत आले, एवढ्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे.

कथेचे मूळ वादग्रस्त आहे. ऋग्वेदात ययातीचा उल्लेख प्राचीन यज्ञकर्ता म्हणून येतो (१.३१.१७, १०.६३.१), आणि अनुक्रमणी, म्हणजे सूक्तांच्या ऋषींची नोंद करणारी प्राचीन सूची, नवव्या मंडलातील तीन ऋचांचे (९.१०१.४–६) कर्तृत्व ययाती नाहुषाकडे देते. यदू, तुर्वश, द्रुह्यू, अनू व पूरू हे पाच जनसमूह एका ऋचेत (१.१०८.८) एकत्र आले आहेत, परंतु ते ययातीचे वंशज आहेत असे ऋग्वेदात कोठेही म्हटलेले नाही. मॅक्डोनेल व कीथ या पाश्चात्त्य अभ्यासकांनी १९१२ च्या आपल्या वैदिक कोशात याच आधारावर ययाती व पूरू यांचे महाकाव्यातील नाते अग्राह्य ठरवले. उलट पार्जिटर यांनी १९२२ मध्ये पौराणिक वंशावळींत इतिहासाचा गाभा आहे असे मानून ययातीच्या राज्यविभागणीला भौगोलिक अर्थ दिला. पाच जनांना एका पित्याच्या छत्राखाली आणणारी जुळणी उत्तरकालीन असावी, हे पहिले मत अधिक सावध वाटते. शापाची आणि तारुण्याच्या देवघेवीची कथाही ऋग्वेदात नाही, म्हणजे यज्ञकर्त्या ययातीचा भोगी ययाती केव्हातरी मधल्या काळात झाला. महाभारताची रचना साधारणपणे इ. स. पू. चौथे ते इ. स. चौथे शतक अशा विस्तृत काळात झाली असे धरले जाते, त्यामुळे या स्थित्यंतराला याहून नेमका काळ देणे धाडसाचे ठरेल. महाभारताच्या आदिपर्वातील ययातीचे उपाख्यान व मत्स्यपुराणातील पाठ बऱ्याच ठिकाणी शब्दशः जुळतात. बहुतेक अभ्यासक पुराणाने ते महाभारतातून घेतले असे मानतात.

ययातीच्या पश्चात्तापाचे सर्वांत प्रसिद्ध वचन ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’ हे होय. कामना उपभोगाने शमत नाही, तुपाच्या आहुतीने अग्नी वाढावा तशी ती वाढतच जाते, असा त्याचा आशय आहे. हा श्लोक मनुस्मृतीत (२.९४) आणि भागवतातही आढळतो, आणि सुभाषित म्हणून तो कथेपासून सुटाही वापरला जातो. तो सुटा वाचला की शहाणपणाचा वाटतो. कथेत ठेवून वाचला की वाचक अडखळतो, कारण हे ज्ञान मुलाच्या तारुण्यावर हजार वर्षे काढल्यानंतर आलेले आहे. शिवाय या वचनात कामनेच्या स्वभावाचे निदान आहे, पूरूचा उल्लेख नाही. तारुण्य परत करताना राजा पूरूवर प्रसन्न होऊन त्याला राज्य देतो, पण झालेल्या अन्यायाची कबुली देत नाही. आदिपर्वातील विरक्ती अपराधभावनेतून आलेली नसून भोगाच्या वैफल्यातून आली आहे, हे मत पाठाला अधिक धरून आहे.

मूळ कथेलाही ही विरक्ती पुरेशी वाटली नसावी. ‘उत्तरयायात’ या पुढच्या भागात तपश्चर्या करून स्वर्गात पोहोचलेला ययाती, तपात तुझ्या तोडीचा कोण, या इंद्राच्या प्रश्नावर देव, मनुष्य, गंधर्व व महर्षी यांत मला कोणीच दिसत नाही असे उत्तर देतो आणि त्याच क्षणी तेथून ढळतो. तो पडतो आपल्या मुलीच्या मुलांमध्ये, म्हणजे अष्टक, प्रतर्दन, वसुमना व शिबी यांच्यामध्ये. ते आपापले पुण्यलोक त्याला देऊ करतात. दान घेणे हा राजाचा धर्म नव्हे, म्हणून तो नाकारतो. दान नको तर गवताच्या काडीच्या मोलाने विकत घ्या, असे वसुमना सुचवतो. असला खोटा व्यवहार मी कधी केला नाही, असे म्हणून ययाती तेही नाकारतो. शिबीला तो सांगतो की दुसऱ्याने दिलेल्या पुण्यलोकांत मला आनंद नाही. मुलाचे तारुण्य मागून घेणारा माणूस येथे नातवांचे पुण्य फुकटही घेत नाही आणि काडीमोलानेही घेत नाही. ययातीचे खरे परिवर्तन शोधायचे झाल्यास ते अरण्यात न शोधता या गवताच्या काडीपाशी शोधावे लागेल. उद्योगपर्वातील पाठात मात्र तो नातवांचे पुण्य स्वीकारतो, त्यामुळे दोन्ही पर्वे वाचणाऱ्याच्या मनात या राजाची एकच एक प्रतिमा राहत नाही.

मराठीत या पूर्व–उत्तर भागांचे स्वतंत्र भान फारसे आढळत नाही. सर्वसाधारण वाचकाचा ययाती वनात गेला की संपतो.

कथेतील श्रोत्यांकडेही लक्ष दिले पाहिजे. आदिपर्वात ती जनमेजयाला सांगितली जाते आणि भागवतात परीक्षिताला. दोघेही पूरूच्या वंशातले, म्हणजे त्या देवघेवीचे लाभार्थी आहेत. ययातीबद्दल त्यांनी रोष धरावा अशी परिस्थितीच नाही. शंका घेते ती प्रजा. शुक्राचार्यांचा नातू आणि ज्येष्ठ पुत्र यदू असताना धाकट्याला राज्य का, असा प्रश्न ती विचारते, आणि आज्ञा मोडणारा तो पुत्र नव्हे, या राजाच्या उत्तरावर गप्प बसते. भागवताचा (सामान्यतः इ. स. नववे–दहावे शतक) कर्ता याहून तिखट आहे. तेथे ययाती देवयानीला एका बोकडाची गोष्ट सांगतो. विहिरीत पडलेली शेळी हा बोकड शिंगांनी काठ उकरून बाहेर काढतो, पुढे दुसरीच्या मागे लागतो. चिडलेली शेळी धन्याकडे जाते, धनी त्याचे वृषण कापतो आणि मग पुन्हा जोडूनही देतो. तो बोकड मीच, असे राजा म्हणतो. एवढी निर्दय आत्मनिंदा इतर पाठांत नाही, आणि हसू आल्याशिवाय ती वाचताही येत नाही.

अभिजात संस्कृत वाङ्मयात ययातीकडे तिरस्काराने पाहिले जात नव्हते, याचा ठळक पुरावा ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकात आहे. सासरी निघालेल्या शकुंतलेला कण्व आशीर्वाद देतात, ‘ययातेरिव शर्मिष्ठा भर्तुर्बहुमता भव’, शर्मिष्ठा ययातीला जशी प्रिय होती तशी तू पतीला प्रिय हो. दासी म्हणून आलेल्या आणि लपवून ठेवलेल्या पत्नीचा हा दाखला आजच्या वाचकाला खटकतो; कालिदासाच्या प्रेक्षकाला तो शुभ वाटला असला पाहिजे. नाट्यशास्त्रीय परंपरेत धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार आहेत. आधी अधम आणि नंतर शुद्ध होणाऱ्या नायकासाठी त्यांत वेगळे घर नाही. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने (नववे शतक) अनौचित्यावाचून रसभंगाचे दुसरे कारण नाही असे म्हटले आणि रसाला प्रतिकूल असे मूळ कथानक कवीने बदलावे, अशी मुभाही दिली. महाभारताचा प्रधान रस शांत, हेही त्याचेच मत. ययाती ज्यांना सुसह्य वाटतो त्यांचे वाचन बहुधा याच वाटेने, म्हणजे शेवटापासून मागे, होत असते.

कथानक बदलण्याची ती मुभा मराठीत वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत घेतली. कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार व पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला; मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. निवेदन ययाती, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडी वाटून दिल्याने राजाच्या आत्मसमर्थनाला शेजारीच उत्तर मिळते. हजार वर्षांचा उपभोग येथे नाही. पश्चात्ताप अलीकडे ओढल्यामुळे वाचकाला राजाला क्षमा करणे सोपे जाते, आणि कच हा संयमाचा आदर्श समोर असल्याने त्याचे पतन मोजताही येते. आपला ययाती महाभारतातला नसून आजच्या सुखलोलुप माणसाचा प्रतिनिधी आहे, अशी खांडेकरांची भूमिका होती. सामान्य वाचकाने ती उचलून धरली. बोधाचे ओझे कथेला जड झाले, असा टीकेचा सूरही आहे. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) या संगीत नाटकाची निर्मिती दि गोवा हिंदू असोसिएशनने केली. पुष्कळांच्या मनात ते जितेंद्र अभिषेकी यांच्या चालींमुळे राहिले आहे, नायकाच्या दोषांमुळे नव्हे.

गिरीश कार्नाड यांचे कन्नड ‘ययाति’ (१९६१) क्षमेच्या विरुद्ध दिशेने जाते. पूरूची पत्नी चित्रलेखा हे त्यांनी नव्याने निर्माण केलेले पात्र एका रात्रीत म्हातारा झालेला नवरा स्वीकारत नाही आणि जीव देते. राजाचे डोळे उघडतात ते त्यानंतर. कवी व लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी भारतीय कथांत मुलगा बापाला मारण्याऐवजी बापच मुलाचे आयुष्य घेतो, हे दाखवताना ययाती व पूरू यांचा दाखला दिला, तो या नाटकाच्या संदर्भात विशेष लागू पडतो.

ययातीची मुलगी माधवी हिच्याविषयी मराठीत तुलनेने कमी लिहिले गेले आहे. उद्योगपर्वानुसार विश्वामित्राचा शिष्य गालव याला गुरुदक्षिणेसाठी एक कान काळा असलेले आठशे पांढरे घोडे हवे होते. ते देता येत नाहीत म्हणून ययातीने मुलगीच दिली. दोनदोनशे घोड्यांच्या मोबदल्यात ती तीन राजांकडे राहिली, आणि उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात विश्वामित्राकडे. फ्रेंच अभ्यासक द्यूमेझिल यांनी तिची तुलना आयर्लंडच्या दंतकथांतील राणी मेव्हशी केली, आणि भीष्म साहनी यांनी तिच्यावर हिंदीत ‘माधवी’ हे नाटक लिहिले. महाभारतातली माधवी स्वयंवराच्या मंडपातून सगळ्या राजांना ओलांडून अरण्याची निवड करते, हरणांसारखी गवतावर राहते, आणि स्वर्गातून पडलेल्या बापाला आपले अर्धे पुण्य देऊ करते.